परदेशचें मूल आपल्या घरीं

आपल्या सुशिक्षित कुटुंबांपैकीं पुष्कळांतील एखादा मुलगा, एखादी भाची अथवा नातसून आज समुद्रापलीकडे आहे. पुण्यामुंबईचें राहूं द्या. वाशीम, कारंजा, रिसोड अशा वऱ्हाडांतील गांवींहि संध्याकाळीं देवापुढें दिवा लावून झाल्यावर फोनच्या पडद्यावर नातवंडांशीं बोलत बसलेल्या आजीबाई दृष्टीस पडतात. मुलें दूरदेशीं पाठविण्याची विद्या आपणांस चांगली साधली आहे. परंतु याच्या उलट प्रसंग, म्हणजे पंधरा-सोळा वर्षांचें एखादें जर्मन, इटालियन, थाई अथवा अमेरिकन मूल वर्षभर आपल्या घरीं राहावयास येणें, आपल्याच मुलांबरोबर त्यानें शाळेस जाणें, आपल्याच पंक्तीस जेवणें आणि परीक्षेच्या दिवसांत आपल्याच मुलांबरोबर बोलणीं खाणें, हा आपल्या कल्पनेंतहि सहसा येत नाहीं. वास्तविक जगांत ही प्रथा रूढ होऊन पाऊणशें वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. आपल्याकडे ती आजवर बहुतेक मोठ्या शहरांतून राहिली. तथापि उद्यां एखादी शाळा अथवा रोटरी क्लब आपल्या दारीं अशी विनंति घेऊन आल्यास तिचें उत्तर काय द्यावें, याचा विचार आधींच करून ठेवणें बरें.

आमचें म्हणणें एवढेंच, कीं अतिथिधर्म आपणांस उत्तम येतो, आणि तोच येथें आडवा येण्याचा संभव फार आहे. एक रात्र राहतो तो अतिथि, अशी मनुस्मृतींतील व्याख्या आहे. एका रात्रीच्या पाहुण्यास पाटावर बसवावें, त्याला पहिलें वाढावें, त्याच्या हातून पाण्याचा तांब्याहि उचलूं देऊं नये, हें सर्व योग्य. परंतु तीनशें रात्री राहावयास आलेल्या मुलाला असें वागविलें, तर तें तीनशें रात्री परकेंच राहील.

या प्रथेचा उगम युद्धांत आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. पहिल्या महायुद्धांत फ्रान्सच्या रणभूमीवरील जखमी सैनिक गाड्यांतून रुग्णालयांत पोंचविण्याचें काम अमेरिकन स्वयंसेवकांच्या एका संस्थेनें केलें. तिचें नांव अमेरिकन फील्ड सर्व्हिस. दुसऱ्या महायुद्धांतहि तिनें हेंच काम केलें. दोन पिढ्यांचे तरुण एकमेकांस मारतांना जवळून पाहिल्यावर या गाडीवानांनीं असें ठरविलें, कीं आतां जखमी वाहण्यापेक्षां मुलेंच एकमेकांच्या घरीं पाठवावीं. सन १९४७ मध्यें १० देशांतील ५२ विद्यार्थी अमेरिकेंतील शाळांत वर्षभरासाठीं आले व तेथील कुटुंबांत राहिले. रोटरीच्या इतिहासांत अशा अदलाबदलीचा आरंभ याहूनहि जुना सांगतात; सन १९२७ मध्यें फ्रान्समधील नीस येथील क्लबानें तो केला. पुढें सन २००१ च्या न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर अमेरिकन सरकारनें सन २००२ मध्यें केनेडी-लुगार नांवाची योजना काढली. तिच्या द्वारें भारतांतील मुलेंहि अमेरिकेस जाऊन तेथील घरांत राहून आलीं आहेत. या संस्थांच्या तपशिलांत भेद असले तरी मुख्य नियम सारखे आहेत. मूल साधारण पंधरा ते अठरा वर्षांचें असतें. यजमान कुटुंबास मोबदला मिळत नाहीं. संस्थेचीं माणसें आधीं घर पाहून जातात, घरांतील प्रौढांची चौकशी करतात. रोटरीच्या योजनेंत एका विद्यार्थ्यास वर्षांत सहसा एकाहून अधिक कुटुंबांत ठेवतात.

मोबदला नाहीं, ही अट ऐकून कोणी भुंवया उंचावील. पण विद्यार्थ्यास घरीं जेवूं घालण्याबद्दल पैसे घेण्याची चाल आपल्याकडे तरी कोठें होती? गरीब विद्यार्थ्यानें सात घरीं सात वार लावून जेवावें आणि शिकावें, ही महाराष्ट्रांतील फार जुनी रीति. सोमवारीं जोशांकडे, मंगळवारीं देशपांड्यांकडे, अशा पंगतींवर किती वकील, किती मास्तर, किती न्यायाधीश वाढले! आपल्या वऱ्हाडांतीलच उदाहरण घ्यावयाचें तर गोपाळ गणेश आगरकर यांचें घ्यावें. टेंभूसारख्या खेड्यांत जन्मलेला हा मुलगा शिक्षणासाठीं ठिकठिकाणीं आश्रय शोधीत अकोल्यास नातलगांकडे आला आणि सन १८७५ मध्यें तेथूनच मॅट्रिक झाला. विष्णु मोरेश्वर महाजनी हे तेथील मुख्याध्यापक. आगरकरांच्या पुढील शिक्षणास त्यांचें पाठबळ मिळालें. घर आणि गुरु हीं दोन्ही परगांवीं मिळालीं, म्हणून आगरकर पुण्यास पोंचले.

मात्र या वारांच्या रीतीचें कौतुक करतांना तिचा दरवाजा किती ठेंगणा होता, हेंहि सांगितलें पाहिजे. तींत शिरणारा विद्यार्थी जातीचा असावा लागे. ज्यांना अशीं सात घरें मिळणें शक्यच नव्हतें, त्यांच्यासाठीं शाहू महाराजांस सन १९०१ पासून कोल्हापुरांत वसतिगृहें उभारावीं लागलीं. शिवाय वार जेवणारा मुलगा माजघराच्या उंबऱ्यापाशीं जेवून उठे. घरांतील सुखदुःखांत त्याला भाग नसे. तेव्हां सवय आपणांस आहे, पण अर्धी.

उरलेली अर्धी गोष्ट आपल्याच एका मुलीला परक्यांच्या घरीं मिळाली. तिची हकीकत मराठी घरांत सर्वांस तोंडपाठ आहे असें आपण समजतों, परंतु ती बहुधा डॉक्टरिणीची हकीकत म्हणून सांगितली जाते. यजमानिणीची हकीकत म्हणून ती एकदां वाचून पाहावी.

आनंदीबाई जोशी यांचे पति गोपाळराव यांनीं पत्नीच्या शिक्षणासाठीं सन १८७८ मध्यें कोल्हापुराहून वाइल्डर नांवाच्या अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिलें. ख्रिस्ती व्हावें, अशा धर्तीचें उत्तर आलें आणि तो पत्रव्यवहार मिशनच्या मासिकांत छापला गेला. न्यूजर्सी प्रांतांतील रोसेल गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीनें दंतवैद्याकडे आपली पाळी येईपर्यंत तेथें पडलेला तो अंक चाळला आणि ते पत्र तिच्या दृष्टीस पडलें. ती श्रीमंत नव्हती, कोणत्याहि मंडळाची अध्यक्षीण नव्हती. सन १८८० मध्यें तिनें आपण होऊन पत्र पाठविलें, आणि पुढें तीन वर्षें ही बाई व आनंदीबाई एकमेकींस आपापल्या देशांतील चालीरीति लिहीत राहिल्या. आनंदीबाई तिला मावशी म्हणूं लागल्या, त्या एकमेकींचें तोंडहि न पाहतां.

सन १८८३ च्या एप्रिलांत आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या व जूनच्या आरंभीं न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. पति बरोबर नाहीं. अंगावर साडी, आहार शाकाहारी, आणि हिंदु म्हणून जाऊन हिंदु म्हणूनच परत येईन, असा निश्चय श्रीरामपूरच्या सभेंत जाहीर करून आलेल्या. बंदरावर कार्पेंटरबाई उभ्या होत्या. त्यांनीं त्यांना रोसेलला आपल्या घरीं नेलें आणि वैद्यकाचें कॉलेज सुरू होईपर्यंतचा सबंध उन्हाळा त्या तेथें घरच्या माणसासारख्या राहिल्या. धर्म बदल, पोशाख बदल, निदान मांसाचा रस्सा तरी घे, असा तगादा त्या घरांत झाला नाहीं. ज्या काळांत मदतीचा हात बहुधा धर्मांतराच्या अटीसह पुढें येई, त्या काळांत एका सामान्य ख्रिस्ती गृहिणीनें हें पाळलें, ही आमच्या मतें त्या हकीकतींतील सर्वांत मोठी गोष्ट आहे.

पुढें फिलाडेल्फियास आनंदीबाईंनीं स्वतंत्र खोली घेतली तेव्हांचे हाल प्रसिद्ध आहेत. धुराची शेगडी, थंडी, स्वतः रांधण्याचे श्रम आणि त्यांत अभ्यास. शेवटीं कॉलेजच्या डीन रेचेल बॉडली यांनीं त्यांना आपल्या घरीं आणलें. घर आणि खोली यांतील अंतर प्रकृतीला केवढ्यास पडतें, तें येथें कळतें. ता. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांस पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या क्षयानें पोखरलेल्या स्थितींत स्वदेशीं परतल्या आणि ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास वारल्या. वय बावीसहि पुरें नव्हतें. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेस पाठविण्यांत आली आणि न्यूयॉर्क प्रांतांतील पोकीप्सी येथें, आपल्या माहेरच्या घराण्याच्या स्मशानभूमींत, त्या बाईंनीं ती ठेवली. तेथें तिचा दगड आजहि आहे. वर्षाच्या कराराने मुलें ठेवून घेणाऱ्या कोणत्याहि संस्थेच्या नियमांत हें बसत नाहीं. पण घरीं आलेलें मूल घरचें झालें म्हणजे काय झालें, हें याहून स्पष्ट सांगणारा पुरावा आमच्या माहितींत दुसरा नाहीं.

मराठी घरांनीं हें ऋण मुळींच फेडलें नाहीं असें मात्र नाहीं. अमेरिकेंतील मिडवेस्ट भागांतील कॉलेजांच्या संघानें सन १९६९ पासून आपले विद्यार्थी पुण्यास पाठविण्यास आरंभ केला, आणि अनेक वर्षें हीं अमेरिकन मुलें पुण्याच्या घरांतून राहिलीं. तीं हायस्कुलाचीं नव्हत, कॉलेजचीं होतीं. तरी त्या उपक्रमांतील एक गोष्ट आपण उचलण्यासारखी आहे. मुलांनीं घरांत राहावयाचें तर त्यांना मराठी आलें पाहिजे, असा तेथें कटाक्ष होता. फलटणच्या मॅक्सीन बर्नसन यांनीं हें मराठी शिकविण्याचें काम वर्षानुवर्षें केलें, आणि जाई निंबकर यांच्या सहकार्यानें परकीयांसाठीं मराठीचा कोश व व्याकरण सिद्ध केलें. इंग्रजी येणाऱ्या सुनेशीं आणि नातवाशींच बोलतां येणारा पाहुणा हा अर्ध्याच घराचा पाहुणा असतो. स्वयंपाकघर, देवघर आणि आजी हीं तिन्ही इंग्रजीच्या बाहेर आहेत.

आतां हा सर्व प्रपंच वाशीमच्या एखाद्या घरांत आणून पाहूं.

भाषेचा घोटाळा पहिल्याच आठवड्यांत होणार, तो करमणुकीचा आहे. पुस्तकांतून ‘मी शाळेत जात आहे’ असें घोकून आलेल्या मुलीला आमच्याकडे ‘मी शाळेत जाऊन राहिलो’ ऐकूं येईल, आणि कोण राहिला व कोठें राहिला याचा ती विचार करीत बसेल. बाजारांत ‘सांबार’ मागितल्यावर मद्रासी आमटीऐवजीं हातांत कोथिंबिरीची जुडी पडेल. हें तिला सुधारून सांगण्याची घाई करूं नये. पुणेरी मराठी तिला कोठेंहि मिळेल, वऱ्हाडी येथेंच मिळेल. तिनें आजीस प्रथम ‘तुम्ही’ म्हटलें तर तें शिकवणीचें. एखाद्या दिवशीं ‘आजी, तूं जेवलीस का?’ असें सहज तोंडून गेलें, तर ती घरांत शिरली असें खुशाल समजावें.

संबोधनाचा प्रश्न यांतच येतो. संस्थांच्या पत्रकांतून यजमान-आई, यजमान-बाबा असे शब्द असतात. आमच्या मतें ‘आई’ म्हणावयास लावण्याचा आग्रह धरूं नये. त्या मुलीची आई जिवंत आहे आणि ती रोज फोनची वाट पाहत असते. काकू, मावशी, आत्या असें नात्यांचें एवढें भांडार आपल्यापाशीं आहे, जें इंग्रजींत एका ‘आँट’मध्यें कोंबावें लागतें, त्याचा उपयोग करावा. आनंदीबाईंना ‘मावशी’ पुरलें.

अन्नाचा प्रश्न याहून नाजूक आहे. शाकाहारी घरानें आपण शाकाहारी आहों हें अर्जांतच स्पष्ट लिहावें, म्हणजे तसें चालणारें मूलच त्या घरीं येईल. तें आल्यावर संकोचानें सांगणें दोघांसहि जड जातें. त्यानें मित्राच्या घरीं अंडें खाल्लें तर त्याची चौकशी करूं नये. पण खरी अडचण पदार्थांची नाहीं, आग्रहाची आहे. आपल्याकडे पाहुण्यानें ‘नको’ म्हणावयाचें आणि यजमानिणीनें वाढावयाचें, हा एक ठरलेला संवाद आहे; तिसऱ्या ‘नको’नंतर कोठें खरें ‘नको’ सुरू होतें. युरोप-अमेरिकेंतील मुलाचें पहिलें ‘नको’ हेंच खरें असतें. त्याच्या पानांत चौथी पुरणपोळी पडली म्हणजे तें प्रेमानें भारावत नाहीं. आपलें बोलणें येथें कोणी ऐकत नाहीं, असें त्याला वाटतें. उलट आपलीं मुलें तिकडे गेलीं म्हणजे संकोचानें पहिल्यानें ‘नको’ म्हणतात, दुसऱ्यानें कोणी विचारीत नाहीं आणि तीं भुकेलींच उठतात. परदेशीं शिकलेल्या कोणासहि विचारावें, पहिल्या आठवड्याची ही हकीकत बहुधा निघतेच. आतां हें समजून घेऊन काकूंनीं आग्रह अजिबात सोडावा का? तसें केल्यास ती गृहिणी आपल्याच घरांत परकी होईल. त्यापेक्षां पहिल्या दिवशींच हसत सांगावें, कीं या घरांत तीनदां विचारतात, आणि खरोखरच नको असेल तर पानावर हात आडवा धरावा. खूण कळली कीं दोन्ही पक्ष सुटतात.

असेंच तें ‘थँक यू’. पाणी दिलें, थँक यू; दार उघडलें, थँक यू. घरच्या माणसानें आभार मानले म्हणजे आमच्या आजीबाईंना तें तुटकपणाचें वाटतें. ‘मी काय परकी आहे?’ हा प्रश्न ठरलेला. मूल मात्र आभार मानल्यावांचून राहिलें तर आपण उद्धट ठरूं, या धास्तींत असतें. याला उपाय एकच, त्याला काम द्यावें. ताटें घेणें, सांजवेळीं तुळशीपाशीं दिवा नेणें, उन्हांत वाळत घातलेल्या सांडग्या-पापडांची राखण, गच्चीवरील गाद्या आंत आणणें, जें घरचीं मुलें करतात तेंच. घरांत ज्याला काम नाहीं त्याचा जीव तेथें रमत नाहीं. जर्मन मुलीनें केर काढला हें शेजारणीनें पाहिलें तर पाहूं द्यावें.

शेजाऱ्यांवरून आठवलें. मोठ्या शहरांत गोरा विद्यार्थी रस्त्यानें गेला तर कोणी वळून पाहत नाहीं. जिल्ह्याच्या गांवीं त्याच्या मागें वरात निघते. प्रत्येक शाळेला तो संमेलनाचा पाहुणा म्हणून हवा असतो, प्रत्येक मंडळाला गणपतीच्या आरतीला हवा असतो, आणि प्रत्येकाला त्याच्याबरोबर फोटो काढावयाचा असतो. पहिले आठ दिवस मुलालाहि गंमत वाटते. नंतर तें घराबाहेर पडेनासें होतें. अशा वेळीं घरच्या कर्त्या पुरुषानें दारांत उभें राहून ‘आज नाहीं’ म्हणण्याचें धैर्य दाखविलें पाहिजे, मग निमंत्रण आणणारा गृहस्थ कितीहि वजनदार असो. आणि खरें बोलावयाचें तर कित्येक घरांना हा पाहुणा हवा असतो तो याच मिरवणुकीसाठीं. त्यांनीं हा खटाटोप करूं नये.

एक गोष्ट स्पष्टच लिहिली पाहिजे. ज्या घरांत मासिक अडचणीचे चार दिवस बाहेर बसण्याची चाल अजून काटेकोर पाळली जाते, त्या घरानें परदेशची मुलगी ठेवून घेण्यापूर्वीं आपसांत निर्णय करावा. सोळा वर्षांच्या मुलीला, जी आपल्या देशीं या दिवसांत पोहावयास जाते, ‘यास शिवूं नकोस, त्यास शिवूं नकोस’ असें सांगितलें, तर तो आचार तिला समजणार नाहीं, अपमान मात्र समजेल. तिच्यापुरता हा नियम सैल करूं, असें कित्येक घरें म्हणतील. तसें करावें. मात्र पाहुणीसाठीं जो नियम सोडतां येतो तो आमच्यासाठीं कां नाहीं, असें घरच्या मुली त्याच रात्रीं विचारतील, आणि त्याचें उत्तर आजीबाईंनीं तयार ठेवावें.

सणांविषयीं फारशी काळजी नको. ते आपली वाट आपण काढतात. पोळ्याला सजलेले बैल, भाद्रपदांत तीन दिवस माहेरीं येणाऱ्या महालक्ष्म्या, त्यांच्यापुढील ती सोळा भाज्यांची गर्दी, हें सर्व पाहून कोणतेंहि मूल दंग होईल. मुलीसाठीं तर आमच्याकडे भुलाबाई आहे. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत रोज संध्याकाळीं घरोघरच्या मुली जमून गाणीं म्हणतात आणि डब्यांतला खाऊ ओळखावयास लावतात. ही चाल अलीकडे पुष्कळ घरांतून मागें पडत चालली आहे. एखाद्या फ्रेंच मुलीनें डबा कानाशीं हलवून खाऊ ओळखण्याचा प्रयत्न केला, तर आपल्याहि मुली पुन्हां तिच्याभोवतीं जमतील. पूजेंत मात्र तिला बसावयाचें असेल तर बसूं द्यावें, नसेल तर नाहीं. आनंदीबाईंना रोसेलमध्यें जें मिळालें तेंच येथें द्यावयाचें आहे.

पाहुण्याच्या प्रश्नांनीं घरचीं माणसें आपलेंच गांव नव्यानें शिकतात, हा एक लाभ गणतींत धरावा. वाशीम किती जुनें, असें त्यानें विचारलें तर आपल्यांतील कितीजण सांगतील, कीं हेंच वाकाटकांच्या एका शाखेचें वत्सगुल्म. कीं सन १९३९ मध्यें येथें सांपडलेल्या ताम्रपटावरून या शाखेचा इतिहास उजेडांत आला. आणि अजिंठ्याचें सोळावें लेणें याच शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानें कोरविलें? बालाजीच्या दर्शनास आपण शेंकडों वेळां गेलों, पद्मतीर्थावर बसलों. पण कोणी विचारणारा भेटला नाहीं म्हणून पाहिलें नाहीं. कारंजास नृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान, शिरपूरला जैनांचे अंतरिक्ष पार्श्वनाथ, पोहरादेवीला बंजाऱ्यांचें तीर्थ, हीं सर्व एकाच जिल्ह्यांत आहेत, हें दाखवितांना यजमानालाहि जिल्हा कळेल.

सरकारी बाजू थोडक्यांत सांगतों. परदेशी नागरिकास घरीं उतरविणाऱ्यानें त्याच्या आगमनाची खबर चोवीस तासांच्या आंत सरकारी नोंदणी-अधिकाऱ्यास द्यावी लागते. सन १९४६ च्या जुन्या कायद्याच्या जागीं सन २०२५ मध्यें नवा आला, तरी ही जबाबदारी कायम आहे. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या विद्यार्थी-परवान्यावर आलेल्या मुलाची नोंदणी चौदा दिवसांत व्हावी लागते. जिल्ह्याच्या ठिकाणीं हें काम पोलीस अधीक्षकांच्या कचेरीकडे असतें. विमा, शाळेची संमति, आईबापांचें लेखी अधिकारपत्र हें संस्था पाहते, परंतु त्यांच्या प्रती घरांत असाव्या. विदर्भांतील शाळा उन्हाळ्यामुळें उर्वरित महाराष्ट्रापेक्षां उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, हें लक्षांत घेऊन येण्याची तारीख ठरवावी. मे महिन्यांत पारा चव्वेचाळिसावर असतांना उतरलेलें मूल पहिल्या दिवसापासून अंथरुणास खिळावयाचें.

संस्थेचें माणूस मधून मधून येऊन मुलाशीं एकटें बोलेल. त्यांत कमीपणा मानूं नये. ‘आमच्यावर विश्वास नाहीं का?’ हा प्रश्न येथें गैरलागू आहे. परक्या देशांत एकट्या पडलेल्या अल्पवयी मुलाला घराबाहेरचा एक कान असणें ही त्याच्या आईबापांची हक्काची मागणी आहे, आणि आपलें मूल तिकडे असतें तर आपणहि तीच केली असती. कधीं कधीं कुटुंब आणि मूल यांचें जमत नाहीं, आणि तें दुसऱ्या घरीं जातें. दोघेंहि चांगलीं असून असें होतें. त्याचा गांवांत गवगवा करूं नये व मनांत अढी ठेवूं नये.

घरांतील खरा त्याग यजमान-काकूंना करावा लागत नाहीं. तो त्याच वयाच्या घरच्या मुलाला अथवा मुलीला करावा लागतो. खोली तिची वाटली जाते, आईचा वेळ तिचा वाटला जातो, आणि मैत्रिणीहि काहीं दिवस पाहुणीकडेच वळतात. त्यांतून दहावी-बारावीचें वर्ष असेल तर विचारावयासच नको. एकत्र कुटुंबांत असे निर्णय वडीलधाऱ्यांनीं घ्यावयाचे व मुलांनीं ऐकावयाचे, अशी रीत आहे. या एका बाबतींत ती मोडावी. अर्जावर सही करण्यापूर्वीं त्या मुलीला एकटीला बसवून विचारावें, आणि तिनें ‘यंदा नको’ म्हटलें तर अर्ज कपाटांत ठेवावा. तो पुढल्या वर्षींहि देतां येतो.